नसबंदी झाली तरी कुत्रा पायावर चढतो? सवय मोडायची ती अशी

बैल खच्ची केला की निवतो, म्हणून कुत्राही नसबंदीनंतर आठवड्याभरात निवेल अशी बहुतेकांची समजूत असते. टाके निघून महिना झाला तरी दहा महिन्यांचा कुत्रा पाहुण्याच्या पायाला मिठी मारून कंबर हलवतोच, तेव्हा ऑपरेशन फसलं की काय अशी शंका येते. बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच घसरायला लागतं. पण चढण्यामागे तेवढं एकच कारण नसतं. कुत्र्याला आनंद झाला, खेळात तो फार तापला, घाबरला, नक्की काय करावं ते सुचेना, की अंगातला तो जोर असा बाहेर पडतो. नसबंदी झालेल्या माद्याही चढतात. घरावर हुकूम गाजवण्याचा हा प्रकार नव्हे, त्यामुळे कुत्र्याला उताणं पाडून 'मालक कोण' ते दाखवण्याचे उद्योग करू नका. त्यातून भीती वाढते, आणि भ्यालेला कुत्रा जास्तच चढतो.

शिकवायला बसण्याआधी दुखणं नाही ना, ते पाहून घ्या. कुत्रा स्वतःचं इंद्रिय सतत चाटतो, थेंब थेंब लघवी करतो, लघवीत रक्त दिसतं, पू येतो किंवा मागचा भाग जमिनीवर घासतो, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. टोकाशी किंचित पिवळसर चिकट स्राव दिसणं मात्र नेहमीचं आहे. एकच अंड खाली उतरलेलं असताना नसबंदी झाली असेल, तर पोटात राहिलेलं दुसरं काढलंय का हे विचारा. ते आत राहिलं तर हार्मोन तयार होतच राहतो. नसबंदीनंतरही इंद्रिय ताठ होऊ शकतं आणि त्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गोल फुगवटे दिसतात. लोक त्यांनाच अंडं समजतात आणि डॉक्टरांना बोल लावतात. हे फुगवटे थोड्या वेळाने आपोआप बसतात. इंद्रिय बाहेरच राहिलं, सुजलं किंवा काळंनिळं पडू लागलं, तर स्वच्छ पाण्याने ओलं ठेवून लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी होते. गुंतागुंत असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पहिले १० ते १४ दिवस उड्या मारणं आणि चढणं दोन्ही बंद, नाहीतर टाके सुटतात. नरात आधीचे शुक्राणू काही आठवडे शिल्लक असतात, म्हणून निदान महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा.

आता एक वही घ्या आणि सात दिवस नोंद ठेवा. कधी चढला, कोणावर, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं आणि माणसांनी काय केलं. चौथा रकाना कंटाळा करून सोडू नका, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. कोणी हसलं, कोणी "हाड हाड" ओरडलं, कोणी हातांनी ढकललं. कुत्र्याच्या लेखी यातलं प्रत्येक म्हणजे सगळ्या घराने आपल्याकडे पाहिलं, म्हणजे बक्षीसच. वेळाही ठरलेल्या निघतात: दाराची बेल, संध्याकाळी मुलांची पळापळ, अंघोळीनंतरची धावाधाव, रात्री झोप मोडल्यावर.

सामान फार लागत नाही. छातीचा पट्टा, त्याला अडकवायची दीड-दोन मीटरची हलकी दोरी (टोकाला फास नको, फर्निचरला अडकतो), एक जुनी सतरंजी आणि खाऊ. दोरी घरात कोणी असेल तेव्हाच लावायची, एकटा असताना कधीही नाही. खाऊ वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा: उकडलेलं चिकन, बिनमिठाचं पनीर, उकडलेलं अंडं. दिवसाला ६० ते ८० तुकडे सहज संपतात, तेवढं जेवण कमी करा. सांगली-तासगाव भागात घरोघरी बेदाण्याचा डबा असतो आणि मुलं सहज एखादा पुढे टाकतात. बेदाणा आणि द्राक्षं दोन्हींनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही. म्हणून एकही नको. खाल्लाच तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

पहिला धडा सतरंजीचा, आणि तो घर शांत असताना. सतरंजी अंथरा. कुत्र्याने पाय ठेवला की "छान" म्हणा आणि खाऊ हातात न देता सतरंजीवर ठेवा. अशा आठ-दहा फेऱ्या, तीन मिनिटांत आटोपायचं, दिवसातून तीन-चार वेळा. दोन दिवसांत तो आपणहून तिथे जायला लागला की "जागेवर" हा शब्द जोडा. मग बसल्यावरच खाऊ, मग आडवा झाल्यावर. वेळ ५ सेकंद, १५, ३०, दोन मिनिटं अशी वाढवा. मधेच उठला तर वेळ फार वाढवली असं समजा आणि एक पायरी खाली या. हे जमल्यावर तुम्ही उठा, चाला, दाराला हात लावा. बेल सर्वांत शेवटी: आधी मोबाइलवर बारीक आवाजात बेल वाजवायची आणि लगेच सतरंजीवर चार तुकडे टाकायचे. घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी "बस" म्हणते, दादा "सिट" म्हणतो, वडील नुसते डोळे वटारतात, असं असेल तर कुत्रा कोणाचंच ऐकत नाही.

खरी मेख मात्र वेळेत आहे. चढल्यावर थांबवणं म्हणजे उशीर झाला. चढायच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत कुत्रा सांगत असतो: उघडं तोंड एकदम मिटतं, नजर एका ठिकाणी रोखली जाते, हनुवटी गुडघ्यावर टेकते, पुढचा एक पंजा मांडीवर येतो, शरीर बाजूला सरकून पायाला लागतं. तेवढ्यात नेहमीच्या आवाजात नाव घ्या आणि "जागेवर" म्हणा. गेला तर तीन-चार तुकडे एकामागून एक द्या, इथे काटकसर नको.

चढलाच तर हातांनी ढकलू नका. ढकललं की पकड घट्ट होते आणि त्याला खेळ वाटतो. उभं राहा, तोंड फिरवा, दोरी धरून त्याला काही न बोलता बाजूला न्या. दाराआड ३० सेकंद ते एक मिनिट ठेवा, त्याहून जास्त नाही, कारण पुढे तो का कोंडला तेच विसरतो. बाहेर आल्यावर लगेच सतरंजीवर काम द्या. दहा मिनिटांत तीनदा असं करावं लागलं तर शिकवणं बंद करा. तो दमलाय, त्याला शांत खोलीत चघळायला काही देऊन झोपवा. कोवळ्या वयाच्या कुत्र्याला दिवसाला १२ ते १४ तास झोप लागते. वर्दळीच्या घरात ती मिळत नाही आणि संध्याकाळी त्याचं पर्यवसान पाय धरण्यात होतं. पहिले काही दिवस चढणं वाढेल, कारण नेहमीचं बक्षीस मिळेनासं झाल्यावर तो आणखी जोर लावून पाहतो. बहुतेक घरं इथेच हार मानतात.

लहान मुलांच्या बाबतीत कसलीही सवलत नाही. वीस किलोचा कुत्रा पाच वर्षांच्या मुलाला सहज पाडतो. मुलं खेळत असतील तर दोरी मोठ्या माणसाच्या हातात किंवा कुत्रा दुसऱ्या खोलीत. मुलांना इतकंच शिकवा: पळू नका, किंचाळू नका, हात छातीशी घेऊन उभं राहा आणि मोठ्यांना हाक मारा.

स्वतःच्या उशीवर दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी मिनिटभर चढत असेल तर आमच्या मते खुशाल चढू द्या. कोणाचं काही बिघडत नाही.

व्यायाम म्हणजे चेंडूमागे तासभर धावणं नव्हे. त्याने कुत्रा दमण्याऐवजी जास्त तापतो. अर्धा तास सैल पट्ट्याने, त्याच्या नाकाच्या मर्जीने चालणं जास्त उपयोगी पडतं: साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण, सांगलीत कृष्णेचा घाट. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या; डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. घरी भाकरीचे तुकडे गोणपाटात गुंडाळून द्या, हुंगून काढण्यात वीस मिनिटं जातात.

इतर कुत्र्यांबरोबर खेळताना दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारून बाजूला घ्या, खाऊ द्या, परत सोडा. समोरचा ताठरला, शेपूट पायांत घातली किंवा दात दाखवले, तर खेळ तिथेच संपला. भाद्रपदात जास्त जपा. तेव्हा गल्लीत माजावरची मादी आणि तिच्यामागे कुत्र्यांचा घोळका असतो, नसबंदी झालेलाही त्यात घुसतो आणि फाडून घेऊन येतो. गौरी-गणपतीचे पाहुणेही त्याच महिन्यात, म्हणून सतरंजीचा धडा श्रावणातच पक्का करून ठेवा.

रोज नेमाने केलं तर दोन-तीन आठवड्यांत वहीतल्या नोंदी विरळ व्हायला लागतात. वर्षभराची सवय असेल तर काही महिने धरून चाला. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दोन आठवडे एकही नोंद नसेल तर दोरी एकदम काढू नका. दर तीन-चार दिवसांनी वीतभर कापत जा, शेवटचा वीतभर तुकडा आठवडाभर पट्ट्याला लोंबू द्या, आणि पहिला मोठा पाहुणचार आटोपल्यावरच तो सोडा.