काउंटरला दोनच माणसं, लाइन दारापर्यंत: बँकेत निभवायचं कसं

खान्देशात तालुक्याच्या ब्रँचला पोस्टिंग मिळाली ना, तर मंजूर जागा किती आणि हजर माणसं किती हे गणित जुळायची वाट बघू नका. एक रजेवर, एक डेप्युटेशनवर दुसऱ्या ऑफिसात, आणि बाजाराच्या दिवशी निम्मा तालुका तुमच्या समोर.

शटर उघडलं की आधी लाइनीत एक चक्कर मारा. बरेच जण फक्त "पैसे पडले का" विचारायला आलेले असतात, त्यांना तिथंच मोकळं करा, अंगठा लावून थोडे पैसे काढायचे असतील तर बँक मित्राकडे (बँकेच्या एजंटकडे) पाठवा. कोणाचा ऑनलाइन फ्रॉड झाला असेल तर त्याला उभं ठेवायचं नाही, आधी कार्ड-खातं ब्लॉक, लगेच १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन, अर्जबिर्ज नंतर.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते आधार. लाडकी बहीणचे १५००, पीएम किसानचे २०००, शेजारणीला आले आणि समोर उभ्या बाईच्या पासबुकात काहीच नाही. "मना पैसा कथा गयात भो?" (माझे पैसे कुठं गेले?), आवाज चढलेला. आता हा पैसा आधार शेवटी ज्या बँकेत लिंक झालं तिथं पडतो, आणि गावात कुठल्यातरी कॅम्पात झिरो बॅलन्सचं खातं उघडलेलं तिच्या लक्षातही नसतं. तिच्याच मोबाइलवरून *९९*९९*१# लावा, आधार नंबर टाका, बँकेचं नाव दिसतं. मग "माय, पैसा दुसरी बँकमा पडनात" असं अहिराणीत सांगा, निम्मा राग तिथंच उतरतो. त्या बँकेचं नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, नाहीतर उद्या परत तुमच्याच काउंटरला.

एटीएममधून पैसे निघाले नाही पण खात्यातून कटले, तर नुसतं "बघतो" म्हणू नका, तक्रार टाकून नंबर हातात द्या. पाच दिवसांत पैसे परत आले नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई आहे, हे तुम्हीच सांगा, साहेबाला आवडो न आवडो.

आणि गर्दीत साहेब म्हणेल "माझा पासवर्ड घे, तूच एंट्री पास करून टाक", तिथं कितीही भीड पडली तरी नाही म्हणायचं. चौकशी लागली की सिस्टिममध्ये आयडी दिसतो, त्या दिवशीची गर्दी दिसत नाही. साहेब बाहेर गेला आणि लाइन थांबली तर थांबू द्या, लोकांना तसं सांगून टाका.

माणसं कमी असल्याचं तोंडी रडगाणं वर ऐकू जात नाही बरं का. व्हाउचर किती झाले, लिंक (कॉम्प्युटरचं कनेक्शन) किती वेळ गेली, काउंटर किती चालू होते, रोज वहीत टिपा आणि महिन्याला मॅनेजरमार्फत मेल टाका. माणूस लगेच मिळत नाही, पण तुमच्या नावाने तक्रार आली तर दाखवायला काहीतरी असतं.

जेवण आलटूनपालटून करा पण करा. उपाशीपोटी कॅश मोजायला बसू नका, मोजताना कोणी बोलायला आलं तर हात दाखवून थांबवा, कमी भरली तर आपल्याच खिशातून भरावी लागते.