आडवं झालं की छातीत जळजळ: माझ्या बाबतीत काय लागू पडलं

आडवं झालं की छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ, घशाशी आंबट पाणी, पहाटे कोरडा खोकला. अँटासिडने थोडा वेळ बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. जास्त उशा घेतल्या तर पोट दुमडून दाबलं जायचं आणि त्रास वाढायचा. झोपेविना रडकुंडीला आलो होतो.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आम्ल वर येतं. डॉक्टरांनी पँटोप्राझोल दिलं, पण खरा फरक पडला तो वेळ पाळल्याने: सकाळी उपाशीपोटी गोळी, मग ३० ते ६० मिनिटांनी नाश्ता. खाल्लं की जठरातले आम्लाचे पंप चालू होतात आणि ही गोळी तेच बंद पाडते, म्हणून ती आधीच रक्तात पोचलेली हवी. रात्रीचं जेवण झोपेच्या ३ तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे. झोपायचं डाव्या कुशीवर. तसं जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

घास अडकणं, काळी शी, वजन घटणं असेल तर थेट तपासणी करून घ्या. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दम लागला, तर ते हृदयाचं समजून लगेच दवाखाना गाठा.