प्रायोजकासोबत बैठक ठरण्याआधी

जुन्या वास्तूच्या देखभालीला पैसे द्यायला एखादी कंपनी तयार आहे, असा निरोप आला की सगळे प्रस्ताव लिहायला बसतात. प्रस्ताव दोन आठवडे थांबला तरी चालेल. आधी वास्तूवर जा, आणि जमलं तर भर पावसात जा. छपरावरचं पाणी कुठून उतरतं, कोणती पन्हाळ तुंबली आहे, ओल भिंतीवर किती हात चढली आहे, हे कोरड्या दिवसांत कळत नाही. जुन्या बांधकामाची बहुतेक दुखणी पाण्यापासून सुरू होतात. कंपनीला घुमट आणि कमानी दाखवाव्याशा वाटतात, ते स्वाभाविकच आहे. पण कामांच्या यादीत पहिली ओळ त्या तुंबलेल्या पन्हाळीची असू द्या.

त्याच फेरीत भेगा पाहून घ्या. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरच्या ठिपक्यांनी चिकटवायची आणि तारीख त्या ठिपक्यावरच कोरायची, भिंतीवर नाही. काच तडकली तर भेग अजून हलते आहे. सगळे ऋतू उलटले तरी पट्टी शाबूत राहिली, तर ती भेग जुनी आणि निवलेली असण्याची शक्यता जास्त. हलत्या भेगेचं कारण न शोधता ती नुसती बुजवली तर ती शेजारून पुन्हा उघडते. म्हणून काचपट्टीच्या नोंदी हातात नसताना कुणालाही दुरुस्तीचा आकडा सांगू नका. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, शेजारी मोजपट्टी, मागे तारीख. हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या सगळ्या वादांत उपयोगी पडतं ते हेच.

मग कागद. वास्तू कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या संरक्षणाखाली आहे, ते लेखी मिळवा. भारतात केंद्र संरक्षित स्मारक असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्यातली 2010ची दुरुस्ती लागू होते: संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीशिवाय काही नाही. ‘पर्यटक सुविधा’ म्हणून कंपनी जे जे सुचवते ते आधी नकाशावर मांडून बघा, बरंचसं तिथेच गळून पडतं.

पैसे कंपनीच्या कोणत्या खिशातून येणार, हे पहिल्याच फोनवर विचारा. यात संकोच नको. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारती आणि स्थळांचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे तुमचं काम त्यात बसतं. मात्र आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व या सीएसआर खर्चात धरता येत नाही. म्हणजे पैसा सीएसआरचा असेल तर वास्तूचा जाहिरातीसाठी वापर मागता येणार नाही, आणि जाहिरात खात्यातून येत असेल तर ते मागणारच. कराराचं अर्धं वळण या एका उत्तरावर ठरतं. शिवाय सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही आणि चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. पाचव्या वर्षी छपरावरचं गवत कोण काढणार, याची सोय दुसरीकडून करावी लागते, आणि ती करार होण्याआधीच करायची. आपल्याकडे सगळ्यात जास्त ढिलाई इथेच होते. जीर्णोद्धाराला देणगीदार मिळतो, झाडू-खराट्याला मिळत नाही. स्मारकांच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत मात्र जतनाच्या कलमांची सुरुवातच नियमित देखभालीपासून होते.

साहित्याबद्दल कंपनीच्या अभियंत्यांशी बोलायची तयारी वेगळी करा. ती माणसं हुशार असतात, पण त्यांचा हात सिमेंटवर बसलेला असतो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावर विसाव्या शतकात काँक्रीटचे थर चढवले गेले होते. 2007नंतर झालेल्या संवर्धनात त्यातलं सुमारे 10 लाख किलो काँक्रीट उतरवावं लागलं. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी दगड सांधणारे लोखंडी आकडे बसवले. ते गंजून फुगले आणि संगमरवर फुटला. पुढे ते काढून टायटॅनियम घालावं लागलं. मूळच्या कारागिरांनी आपले लोखंडी आकडे शिशाने मढवले होते. दोन्ही ठिकाणी नुकसान झालं ते दुरुस्तीतूनच. म्हणून करारात चुन्याचं मिश्रण, दगडांमधले सांधे भरायची पद्धत आणि आधी आडबाजूच्या कोपऱ्यात केलेला नमुना मंजूर होईपर्यंत मुख्य भिंतीला हात न लावण्याची अट, हे सगळं लिहून घ्या. चुना मुरायला वेळ लागतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की पहिला बळी त्या वेळेचा जातो.

नावाच्या पाटीची चर्चा शेवटी ठेवू नका. मी पाहिलेल्या एका ठिकाणी करारात ‘योग्य आकाराचा फलक’ एवढंच लिहिलं होतं. प्रायोजकाच्या माणसांनी तो थेट कोरीव दगडात चार बोल्ट मारून बसवला. पुढे वाद झाला, फलक निघाला, पण चार भोकं राहिली आणि प्रत्येक भोकाखाली बोटभर लांबीचा तांबूस ओघळ. तो आजही तिथे आहे. तेव्हापासून मी लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जागा नकाशावर खूण करून आणि ‘फलक स्वतंत्र पायावर उभा, वास्तूला स्पर्श नाही’ हे वाक्य, एवढं झाल्याशिवाय पुढे जात नाही. परांचीवरच्या जाहिरातीचंही तसंच. व्हेनिसमध्ये दुरुस्तीच्या काळात डोजेच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याभोवती आणि उसाशांच्या पुलाभोवती प्रचंड जाहिराती लागल्या, तेव्हा 2010मध्ये जगभरातल्या संग्रहालय संचालकांनी आणि वास्तुविशारदांनी जाहीर निषेध केला होता. परांचीवर जाहिरात असेल का, किती, किती महिने, हे आकड्यांत हवं. कार्यक्रम आणि चित्रीकरणाचे हक्कही यातच येतात. रोमच्या त्रेवी कारंज्याच्या दुरुस्तीचा खर्च ज्या फॅशन कंपनीने केला, तिने 2016मध्ये त्याच पाण्यावर पारदर्शक मंच टाकून शो केला. तुम्हाला असं काही चालणार असेल तर दिवस मोजून लिहा, चालणार नसेल तर तसं लिहा.

वेळापत्रक सैल ठेवा. रोमच्या कोलोसियम या प्राचीन प्रेक्षागारासाठी टॉड्स या पादत्राणांच्या कंपनीचा 2.5 कोटी युरोंचा करार 2011चा, पण न्यायालयीन तक्रारींमुळे काम सुरू झालं 2013मध्ये. दर्शनी भाग पाण्याच्या बारीक फवाऱ्याने, रसायनं न वापरता स्वच्छ व्हायला 2016 उजाडलं. पैसे टप्प्याटप्प्याने यावेत आणि टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला संवर्धन तज्ज्ञाने द्यावा, कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने नाही. गिलावा उतरवल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, त्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवा.

आसपासच्या लोकांना बातमी वर्तमानपत्रातून कळू देऊ नका. 2018मध्ये लाल किल्ल्यासाठी दालमिया भारत या सिमेंट कंपनीशी पाच वर्षांचा, 25 कोटींचा करार जाहीर झाला, तेव्हा किल्लाच कंपनीला दिला असा गदारोळ उठला. करार सुविधांपुरता आहे, हा खुलासा सरकारला मागाहून करावा लागला. करार होण्याआधी एक सभा घ्या, मसुदा वाचून दाखवा, रोज तिथे येणारी माणसं काय विचारतात ते टिपून घ्या. मी पाहिलंय, तिकीट वाढणार का आणि सकाळी फिरायला येऊ देणार का, हेच दोन प्रश्न हटकून येतात. उत्तरं तयार हवीत.

बैठकीला गवंड्याला बरोबर न्या. त्याला खुर्ची द्या, मागे उभं करू नका. पिशवीत दोन दगड असू द्या, आपल्याच वास्तूचे, आधीच निखळून पडलेले: एक चुन्याच्या सांध्यातला, दुसरा सिमेंटने बुजवलेल्या सांध्याशेजारचा. दुसऱ्यावर बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं. तो दगड टेबलावर फिरू द्या, आणि मग काचपट्टीच्या नोंदींचं पान उघडा.