हाताने फोकस करायची जुनी ५० मिलिमीटरची लेन्स कशी निवडावी

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी जुनी ५० मिलिमीटरची लेन्स शोधताना बहुतेकांची नजर आधी एफ १.४ कडे जाते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त); माझे मत मात्र असे, की पहिली लेन्स एफ १.८ किंवा एफ २ चीच घ्यावी. एफ १.४ मधून एफ १.८ पेक्षा सुमारे दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश अधिक मिळतो हे खरे, परंतु फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरच्या चेहऱ्यासाठी स्पष्टतेची खोली, म्हणजे नीट स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम साडेसात सेंटिमीटर उरते, आणि समोरचा माणूस किंचित हलला तरी डोळे फोकसमधून निसटतात. एपीएस-सी या लहान सेन्सरवर हीच लेन्स ७५ मिलिमीटरइतका दृश्यकोन देते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याचा, प्रश्न मिररलेसवर सोपा आहे, कारण सोनी ई माउंटचे सेन्सरपासूनचे अंतर १८ मिलिमीटर, म्हणजे जुन्या लेन्सना लागते त्यापेक्षा बरेच कमी आहे आणि उरलेली जागा काच नसलेला साधा अडॅप्टर भरून काढतो. निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर (हेच अंतर ४६.५ मिलिमीटर), एम४२ या जुन्या आट्यांच्या माउंटची लेन्स (४५.४६ मिलिमीटर) लावली, तर अडॅप्टरमध्ये काच असल्याशिवाय अनंतावर फोकस होत नाही, आणि ती काच चित्राची प्रत घसरवते.

पार्श्वभूमीला भोवऱ्यासारखा फेर हवा असेल, तर जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घडलेली सोव्हिएत हेलिओस ४४-२ घ्यावी. तिच्यावर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) दोन वलये असल्यामुळे धावत्या विषयांसाठी ती संथ ठरते. रोजच्या कामाला निक्कोर ५० एफ १.८ अधिक भरवशाची वाटते. सात काचांच्या सुपर टाकुमार ५० एफ १.४ मध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेली काच असल्याने तिच्यावर पिवळी झाक येते, मात्र अतिनील प्रकाशात ठेवल्यास ती बरीच उतरते.

नावापेक्षा हातातल्या नगाची अवस्था महत्त्वाची, आणि इथे घाई मुळीच करू नये. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च धरावा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते, आणि कोकणातल्या पावसाळी दमटपणात ती वाढतच जाते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. फोकसचे वलय टोकापासून टोकापर्यंत सारख्याच भाराने फिरले पाहिजे. ते मध्येच अडखळत असेल तर लेन्स स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण हाताने फोकस करताना सगळे काम त्याच वलयावर होते.