या चुका टाळा: बोल्डरसारख्या निसर्गरम्य गावातले परराज्यातले विद्यापीठ निवडताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा बोल्डरचा कॅम्पस एकदा पाहिला की मुलांचे मन तिथेच गुंतते, कारण तांबूस वालुकाश्माच्या इमारतींमागे फ्लॅटआयर्न नावाचे कडे उभे आहेत आणि डोंगरातल्या पायवाटा गावाच्या कडेलाच सुरू होतात. ही ओढ खरी आहे आणि तिला निर्णयात जागा असावी. मात्र न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांनी प्रवेश पक्का करण्यापूर्वी पैशांचा हिशेब चारही वर्षांचा मांडायला हवा.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘एक वर्ष राहिले की इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) लागते’. कोलोरॅडोत त्यासाठी बारा महिन्यांचा अधिवास लागतो हे खरे, परंतु पालकांवर अवलंबून असलेल्या तरुण विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांचा अधिवास धरला जातो. त्यामुळे डॉर्ममधला (विद्यापीठाच्या वसतिगृहातला) पत्ता आणि तिथले ड्रायव्हिंग लायसन्स यांनी काम भागत नाही. पश्चिमेकडील राज्यांच्या सवलत योजनेत फी इन-स्टेटच्या दीडपटीपर्यंत मर्यादित राहते, पण योजना त्या राज्यांतल्या रहिवाशांपुरतीच आहे आणि प्रत्येक विद्यापीठ तीत असतेच असे नाही. उरलेली रक्कम पेरेंट प्लस या पालकांसाठीच्या सरकारी कर्जातून काढू म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरच मिळतील. मूल एच-4 व्हिसावर (एच-1बी नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मुळातच नाही.

दुसरी चूक घरभाड्याची. पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहणे बंधनकारक असल्याने खर्च आधीच कळतो, आणि पालक तोच आकडा पुढे धरतात. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षाच्या घरांची शोधाशोध पहिल्याच हिवाळ्याआधी सुरू होते, आणि लीज बहुधा ऑगस्ट ते ऑगस्ट असल्याने मूल उन्हाळ्यात घरी आले तरी भाडे चालूच राहते. भाडे चढे का, याचे उत्तर त्या देखाव्यातच आहे. डोंगरउतार मोकळे राहावेत म्हणून बोल्डरकरांनी 1959 मध्ये ठराविक उंचीच्या वर नळाचे पाणी न देण्याचे ठरवले, 1967 मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला आणि 1971 मध्ये इमारतींना 55 फुटांची मर्यादा घातली. ज्या निर्णयांनी ते कडे मोकळे राखले, त्यांनीच घरांची संख्याही आवरून धरली.

मेजर (मुख्य विषय) न ठरवता जाऊन नंतर इंजिनिअरिंग किंवा बिझनेसमध्ये शिरू, हा बेतही नीट तपासावा, कारण तिथे विद्यापीठातल्या आतल्या आत विभाग बदलण्यासाठीही अटी असतात. बदलीला किती गुण लागतात आणि बदलल्यावर ट्युइशन किती होईल, हे दोन्ही प्रश्न डिपॉझिट भरण्याआधी ई-मेलवर लेखी विचारून घ्यावेत.