ट्रिपची यादी : प्रत्येक कामासमोर एक नाव

जिवलग मित्रांच्या ट्रिपमध्ये गोष्टी राहून जातात, कारण प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्यानं बघितलं असेल. नव्या ओळखीच्या लोकांबरोबर जाताना आपण चार वेळा विचारून घेतो, पण मित्रांना काय विचारायचं! म्हणून यादी करायला बसाल तेव्हा कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे वस्तू किंवा काम लिहा आणि उजवीकडे एकाच माणसाचं नाव. ‘आपण बघू’ असं उजवीकडे लिहायचं नाही.

हे मी अनुभवावरून सांगतोय. आम्ही पाच जण निघालो होतो आणि रात्री साडेदहाला मागचं चाक बसलं. डिकीतलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला उतरवून स्टेपनी काढली. तिच्यात हवा होती, जॅक होता, पाना होता. चार नट सैल झाले आणि पाचव्यावर पाना बसेना. चाक चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला तो वेगळ्या खाचांचा नट होता आणि त्याची बोटभर चावी घरी कपाटाच्या खणात पडलेली. मोबाइलच्या उजेडात आम्ही पाचही जण त्या नटाभोवती उकिडवे बसलो होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मदत यायला अडीच तास लागले. तेव्हापासून आमच्या यादीत पहिली ओळ त्या चावीची असते आणि तिच्यासमोर नाव असतं.

गाडीची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, दोन आठवडे आधी करा. काही सैल राहिलं असेल, कुठून गळत असेल, तर ते रोजच्या फिरण्यात कळतं आणि दुरुस्तीला वेळही मिळतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तेव्हाच तपासून घ्या. कूलंट आणि इंजिन ऑइल बघा, पण कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना चुकूनही उघडू नका. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. वायपरचं रबर कडक झालं असेल तर पावसाळा नसला तरी बदला.

टायरकडे मात्र नीट वेळ द्या. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी छान दिसत असली तरी रबर वयानं कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. हे स्टेपनीच्या बाबतीत जास्तच, कारण ती वापरलीच जात नाही, त्यामुळे झिजतही नाही आणि म्हणून बदललीही जात नाही. नक्षीची खोली निदान १.६ मिमी हवी असं अनेक देशांचा कायदा सांगतो, पण ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या बरीच आधी कमी व्हायला लागते. त्या आकड्याची वाट बघत बसू नका.

हवा टायर थंड असतानाच भरायची. तासभर गाडी पळवून मग मोजली तर आकडा जास्त दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात : रोजच्या वापराचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा म्हणजे दुसरा आकडा. कमी हवेचा टायर वजनाखाली जास्त वाकतो, तापतो आणि वेगात असताना फुटू शकतो. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्डवर छोटी चकती असते, ती फिरवून झोत खाली करा.

सामान लावायचं काम एकालाच द्या. जड बॅगा तळाशी आणि मागच्या सीटला टेकवून ठेवायच्या, मऊ सामान वर. डोक्यामागच्या फळीवर काहीही ठेवायचं नाही. जोरात ब्रेक लागला की तिथली छत्रीसुद्धा पुढे येऊन आदळते. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी तर नकोच, ती घरंगळून ब्रेकखाली अडकते. जॅक, पाना आणि धोक्याचा त्रिकोण सगळ्या सामानाच्या खाली गाडू नका.

कागदपत्रं, लायसन्स, ऑफलाइन नकाशा, चार्जर, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी हे सगळे लिहितातच. मी दोनच गोष्टी जोडतो. गाडी मालकाशिवाय दुसऱ्यानं चालवली तर विमा लागू होतो का, हे पॉलिसी काढून प्रत्यक्ष वाचा. आणि कोणाला कसली ॲलर्जी आहे, कोण रोज कोणती गोळी घेतो, हे निदान दोघांना माहीत असू द्या. वीस वर्षांच्या मैत्रीतही हे ठाऊक नसतं. ज्याला गाडी लागते त्याला पुढची सीट द्या आणि समोर दूरवर बघत बसायला सांगा. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, यावर चर्चा नाही.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं : चालवणार कोण आणि किती वेळ? ज्याची गाडी तोच चालवत राहतो, कारण मित्र स्टिअरिंग मागत नाहीत आणि तो ‘दमलो’ म्हणत नाही. म्हणून पाळी आधी ठरवा. दर दोन तासांनी निदान १५ मिनिटं थांबायचं आणि गाडीतून खाली उतरायचं. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून १०० मीटर. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप झोपेकडे झुकतं, तेव्हा गाणी मोठ्यानं लावून किंवा काच खाली करून काही होत नाही. गाडी सुरक्षित जागी लावा, कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफी अंगात उतरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही, हीसुद्धा पाळीच समजा. आणि कोणी ‘मला झोप येतेय’ म्हणाला, तर दुसरा शब्द न बोलता पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबली पाहिजे. हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

पैशाचंही तसंच. सुरुवातीलाच सगळ्यांनी सारखी रक्कम काढून एकाकडे द्यायची, इंधन-टोल-मुक्काम त्यातून, आणि संपली की पुन्हा काढायची. ज्याची गाडी आहे त्याच्या टायरची झीज आणि सर्व्हिसिंगही खर्चात धरा. तो मागणार नाही, तुम्हीच विषय काढा. कोणाचं बजेट कमी असेल तर मुक्कामाची जागा त्याला परवडेल अशी ठरवा आणि ती ग्रुपवर न विचारता त्याला एकट्याला फोन करून विचारा.

रोज किती अंतर कापायचं हे ठरवताना नकाशा दाखवतो त्या वेळात तिसरा हिस्सा वाढवून धरा. सात-आठ तास चालवणं हे पहिल्या दिवशी ठीक वाटतं, तिसऱ्या दिवशी अंगावर येतं. आणि परतीचा दिवस सगळ्यांत छोटा ठेवा. तेव्हा सगळे थकलेले असतात, घराची ओढ असते, मधे थांबायला कोणी तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं असेल तर परतीच्या आणि त्या सकाळच्या मधे एक मोकळा दिवस सोडा, आणि रजा मागतानाच तो मागून घ्या.