उपयोजित गणिताच्या परिषदेला पहिल्यांदा जाताना

पीएच.डी.ला रजिस्ट्रेशन झालं की वर्ष-दीड वर्षात प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, पेपर कुठे वाचू?" मी अमळनेरला शिकवते, न्यूमरिकल मेथड्सवर (समीकरणं आकडेमोडीने सोडवायच्या रीतींवर) काम करणाऱ्या मुलामुलींची गाईड आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: जिथे तुला कुणीतरी नेमका प्रश्न विचारेल, तिथे वाच.

यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन पेपर वाचणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती राहिली नाही. आपल्या विद्यापीठाचे नियम वेगळे वाचून घ्याच. पण नुसत्या सर्टिफिकेटसाठी धावपळ करण्याचं मोठं कारण गेलं, हे फार चांगलं झालं. आता जायचं ते कामासाठी.

परिषद निवडताना गेल्या वेळचा कार्यक्रम उघडून बघा. तुमच्या संदर्भसूचीतलं एक तरी नाव त्यात आहे का? समांतर सत्रांत प्रत्येकाला किती मिनिटं आहेत, त्यात प्रश्नांसाठी वेळ राखला आहे का? गणित, मॅनेजमेंट, शिक्षणशास्त्र, फार्मसी सगळं एकाच 'आंतरराष्ट्रीय' मांडवाखाली असेल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकारपत्रासोबत फी भरायचा क्यूआर कोड आला, तर तिथे तुमचं काम कुणीच वाचलेलं नाही. तो पैसा वाचवा. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ पासूनची संस्था आहे, तिची वार्षिक परिषद असते. उद्योगाशी जोडलेल्या गणितासाठी इंडियन सोसायटी ऑफ इंडस्ट्रियल अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स आहे. जगभरातले उपयोजित गणिती दर चार वर्षांनी आयसीआयएएम या आंतरराष्ट्रीय परिषदेला जमतात. १९८७ मध्ये पॅरिसला सुरुवात झाली, २०२३ ची टोकियोत झाली. पहिल्याच वर्षी तिकडे डोळे लावू नका, पण तिथल्या मिनी-सिम्पोझियमची (एकेका विषयावरच्या छोट्या सत्रांची) यादी जरूर वाचा. आपल्या विषयात सध्या काय चाललंय ते त्यातून कळतं.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथेच काम फसतं. माझ्याकडे चोपड्याकडचा एक विद्यार्थी आहे, घरची केळीची बाग, ठिबकवरची. तो ठिबकच्या नळीखाली ओल जमिनीत कशी पसरते यावर काम करतो. त्याच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "अरेषीय आंशिक विकलक समीकरणांना विज्ञान व अभियांत्रिकीत अनन्यसाधारण महत्त्व आहे." खरं आहे, पण हे वाक्य कुणाच्याही अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर चिकटवता येईल. मी त्याला म्हटलं, घरी जा आणि वडिलांना तुझं काम अहिराणीत सांगून ये. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पानी कितला येळ सोडानं?"

तीच त्याची पहिली ओळ झाली: काळ्या जमिनीत मुळांच्या खोलीपर्यंत ओल पोहोचायला ठिबक किती वेळ चालू ठेवावं लागतं? पुढच्या वाक्यात मॉडेल: जमिनीत ओल कशी सरकते ते सांगणारं रिचर्ड्सचं १९३१ चं समीकरण, जमिनीचे गुणधर्म व्हॅन गेनुख्टेनच्या १९८० च्या सूत्राने. त्यानंतर पद्धत. मग निष्कर्ष, आकड्यासकट. "परिणामांची चर्चा केली आहे" असं लिहू नका. परिणाम काय आला तेच लिहा. अडीचशे शब्दांत हे सगळं बसतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंग्रजीत जाणार असला तरी आधी मराठीत लिहून बघा, पोकळ वाक्यं लगेच दिसतात.

विषयाचा कोड घाईत टाकू नका. एमएससी २०२० या गणित-विषयांच्या वर्गीकरणाच्या यादीत सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहासाठी ७६एस०५ आहे, समीकरण जाळीच्या बिंदूंवर सोडवणाऱ्या फायनाइट डिफरन्स रीतीसाठी ६५एम०६. आयोजक बहुतेकदा याच कोडवरून सत्रं लावतात. चुकीचा कोड पडला की तुमचा ओलीचा पेपर ग्राफ थिअरीच्या खोलीत जातो आणि टाळ्यांपलीकडे काही मिळत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. फेलोशिप असेल तर कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या रकमेतून) देशातला प्रवास आणि फी बसते का ते ऑफिसात विचारा. आधी लेखी परवानगी, मग तिकीट. परदेशी जायचं असेल तर एनबीएचएम (राष्ट्रीय उच्च गणित मंडळ), सीएसआयआर आणि पूर्वीच्या एसईआरबीच्या जागी आलेलं एएनआरएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थांच्या प्रवास-साहाय्याच्या योजना बघा आणि अर्ज काही महिने आधी करा.

प्रवासात आपण खान्देशवाले खरं तर नशीबवान आहोत. भुसावळला इटारसीकडची आणि नागपूर-हावड्याकडची वाट फुटते, आणि तापी मार्गाने अमळनेर-नंदुरबारवरून थेट सुरत. खरगपूरला जायचं तर भुसावळहून गीतांजली आहे. फक्त आरक्षण आता ६० दिवसच आधी उघडतं आणि परिषदा नेमक्या डिसेंबर-जानेवारीत, लग्नसराईच्या गर्दीत येतात. आरक्षण उघडण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सादरीकरणाला बहुधा पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली तीन प्रश्नांची. म्हणजे बोलायला बारा. दहा स्लाइडच्या वर जाऊ नका. आराखडा सांगणारी स्लाइड काढून टाका, तिच्या जागी प्रश्न आणि एक चित्र ठेवा: नळी, ड्रिपर, खाली मुळं. समीकरण एकदाच दाखवा, पण प्रत्येक चिन्हावर बोट ठेवून सांगा की हे काय आणि याचं एकक काय.

यानंतरची स्लाइड माझ्या मते पेपरचा जीव असते: तुमची रीत बरोबर चालते याचा पुरावा. उत्तर आधीच माहीत असलेलं एक उदाहरण घ्या, गणनेच्या बिंदूंची जाळी बारीक करत जा आणि एररचा तक्ता द्या. रीत दुसऱ्या ऑर्डरची असेल तर जाळीतलं अंतर निम्मं केल्यावर एरर चौथा हिस्सा उरली पाहिजे, ०.०१६ असेल तर पुढच्या ओळीत ०.००४ च्या आसपास. नुसते रंगीत आलेख दाखवून हा तक्ता टाळला, तर जाणकार माणूस पहिला तोच मागतो.

रिचर्ड्सच्या बाबतीत दुसरा प्रश्नही ठरलेला: पाण्याचा हिशोब जुळतो का? समीकरण नुसत्या दाबाच्या रूपात सोडवलं तर गणनेत पाणी हरवतं किंवा जास्त दिसतं. सेलिया आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मिश्र रूप (दाब आणि ओल दोन्ही असलेलं) वापरून ही अडचण सोडवली. तुम्ही कोणतं रूप घेतलंत ते स्लाइडवर लिहा, आणि ड्रिपरमधून आत गेलेलं पाणी व जमिनीत वाढलेली ओल यांचा ताळा एका ओळीत द्या. तिसरा प्रश्न आपल्याच मातीतून येईल: काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तुमचं मॉडेल तर माती न हलणारी धरतं, मग? याला सरळ उत्तर द्या. भेगा धरलेल्या नाहीत, नियमित ओल असलेल्या बागेपुरतंच हे लागू आहे. मर्यादा आपण होऊन सांगितली की पुढची चर्चा कामाची होते.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, इंग्रजी अडखळलं तरी चालतं. तिथे कुणी भाषेचे गुण देत नाही. उत्तर येत नसेल तर "तपासून कळवतो" म्हणा आणि विचारणाऱ्याचा ईमेल तिथेच घ्या. एका मित्राला किंवा मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की माझे प्रश्न तू लिहून घे. उभं असताना निम्मे प्रश्न कानावरून जातात.

आणि आपण छोट्या गावाहून आलोय म्हणून मागच्या रांगेत बसू नका. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची ती नोंद आहे. गणित शिकायची सोय या भागात आठशे वर्षांपूर्वी होती. पुढे बसा, दुसऱ्यांच्या सत्रातही रोज एक तरी प्रश्न विचारा, आणि आपला पेपर झाला की खोलीवर जाऊन झोपू नका. चहाच्या रांगेत झालेली ओळख पुढे परीक्षक, सहलेखक, पोस्ट-डॉकचा गाईड अशी कुठेही भेटते.

परत आल्यावर आठवड्याच्या आत दोन कामं उरकायची. ज्यांना "कळवतो" म्हटलं होतं त्यांना नवा तक्ता किंवा आलेख जोडून चार ओळींचा ईमेल करा. आणि डिपार्टमेंटमध्ये ज्युनिअर मुलांना बसवून तेच सादरीकरण पुन्हा करा, या वेळी तिथे आलेल्या प्रश्नांपासून सुरुवात करून.